शेवटचं दार उजवीकडं नव्हतं, दादा

दादा, मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. म्हणून तुझ्या तेराव्याला मी उभी राहून बोलले, तेव्हा मांडवातली माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू तुला मीच मारलंय. नंदावहिनीनं तोंडावर पदर घेतला. तुझा पोरगा उठून बाहेर गेला. पंगत बसली आणि कुणी कुणाशी न बोलताच उठली. त्याला आज पाच दिवस झाले. तुझ्या घरून मला एक फोन आलेला नाही, यायचाही नाही बहुतेक. तेव्हा आता तुझ्याशीच बोलते. तू तरी उठून जाणार नाहीस.

मांडवात सगळे म्हणत होते, भारत लई मोठ्या मनाचा माणूस. असशीलही. ऐन पाण्याच्या पाळीत जळालेली मोटर घेऊन आलेल्या माणसाला तू कधी उद्या ये म्हणाला नाहीस, हे मलाही माहीत आहे. पण मी तुझी बहीण. मला तुझ्या मनाआधी तुझा चिमटा आठवतो. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते, तिथं बरोबर धरायचास आणि पिळायचास. तो चिमटा पावण्यामुळं बसायचा.

चाँदभाईंनी येरमाळ्यात स्टँडच्या मागं, आपल्या वडिलांच्या, अण्णांच्या दुकानाला लागून, पत्र्याचं शेड टाकलं आणि व्हिडिओ गेमची तीन मशीनं आणली, तेव्हा मी सातवीत होते. तू दहावी नापास होऊन अण्णांच्या हाताखाली मोटरी भरायला बसला होतास. दिवसभर जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची. दोन मशीनं साधी होती, ठिपक्याठिपक्यांची माणसं एकमेकांना बुक्क्या मारायची. तिसरं मात्र मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलातनं मोडीत निघालेलं होतं, आणि त्याच्यासारखं आपल्या भागात कुणी काही बघितलंच नव्हतं. त्यात खरा कार्टूनचा सिनेमा चालायचा. हातानं काढलेली चित्रं, भडक रंग, कोटाच्या बटणावर चमकणारा उजेड. हिरव्या कोटातला एक देखणा पोरगा जादूगाराच्या मनोऱ्यावर मजल्यामजल्यानं चढत जायचा. त्याचं नाव इंग्रजीत होतं, कुणालाच धड वाचता यायचं नाही. तू त्याला पावणा म्हणायला लागलास, कारण तो दर खेपेला नवा कोट घालून ऐटीत यायचा आणि दोन मिनिटांत जायचा. सगळं गाव त्याला पावणाच म्हणायला लागलं.

तो गेम वाईट होता, दादा. अवघड नव्हता, वाईट होता. सिनेमा आपल्या मर्जीनं पुढं पळायचा आणि मधेच एका क्षणाला मशीनचा दांडा डावीकडं नाहीतर उजवीकडं हाणायचा, नाहीतर तलवारीचं बटण दाबायचं असायचं. तो क्षण पापणी लवण्याएवढा. चुकलं की पावणा मेला. भिंतीतल्या तसबिरींचे हात त्याचा गळा धरायचे, पायऱ्या वितळायच्या, कढईत पडून त्याचा सांगाडा वर यायचा आणि तो सांगाडा आपल्याकडं बघून खांदे उडवायचा. प्रत्येक मरण वेगळं काढलेलं होतं, आणि जगण्यापेक्षा जास्त मन लावून काढलेलं होतं. आता मोबाईलवर या जुन्या गेमांचे व्हिडिओ आहेत. माझ्या वयाची माणसं कुठल्या कुठल्या देशांत बसून त्यांच्यावर बोलतात. किती छळलं याने आम्हाला, काय दिवस होते ते, म्हणतात आणि गदगदून येतात. मी ते एकेक बघत बसते. मलाही गदगदून येतं, मग माझाच मला राग येतो.

आपल्या शेडमध्ये पोरांनी एक नियम केला होता. ज्याचा पावणा मेला, त्याच्या डोक्यात मागं उभ्या असलेल्या प्रत्येकानं एक टपली हाणायची. चाँदभाई ओरडायचे, "आरं हळू, हळू रं, माणसाचं डोस्कं हाय ते." कुणी ऐकायचं नाही. सगळ्यांत जोरात टपली तुझी असायची. पत्र्यावर आवाज यायचा.

हे मला माहीत, कारण मी बघत होते. पोरी शेडमध्ये जायच्या नाहीत, जायचा विचारही करायच्या नाहीत. मी दुपारच्या सुट्टीत अण्णांचा डबा घेऊन दुकानात यायची. दुकानाच्या मागच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, आणि त्या भोकातनं नेमका त्या तिसऱ्या मशीनचा पडदा दिसायचा. अण्णा जेवायचे तोवर मी भोकाला डोळा लावून उभी असायची. एकदा तू मला पकडलंस. वेणीला धरून मागं ओढलंस आणि म्हणालास, "अण्णाला सांगू?" मी घाबरून म्हणाले, "सांगू नको. तिसऱ्या मजल्यावर तुमी सगळे चुकता, तेवढं सांगते."

ते तुला कुणीच सांगितलं नव्हतं. तीच खोली कधी सरळ यायची, कधी आरशात दिसावी तशी उलटी यायची, म्हणून पाठ केलेलं पुढच्या खेपेला चुकायचं. पोरं मशीनला शिव्या द्यायची. मी मात्र बघितलं होतं की प्रत्येक खोलीत भिंतीवर एक दिवा असतो, आणि जो रस्ता वाचवणारा असतो तो दिव्याच्या अंगाला असतो. दिवा डावीकडं, तर डावी. दिवा उजवीकडं, तर उजवी. एवढंच.

त्या दिवसापासून तू मला संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसवायला लागलास. आई भाकरी करायची. तू लाटण्याचा दांडा करून उकिडवा बसायचास आणि मी एकेक मजला सांगायची. कुठं दिवा, कुठं तलवार, कुठं थांबायचं, कुठं डोळा मिटायच्या आत हाणायचं. माझं चुकलं की चिमटा. तुझं चुकलं तरी चिमटा. महिन्याभरात तू सातव्या मजल्यावर गेलास. येडाईच्या यात्रेला आलेली पोरं देवीचं दर्शन सोडून तुला बघायला शेडमध्ये शिरायची. कळंबची, ईटची, पार वाशीकडची. विचारायची, "कसं काय जमतं रं तुला?" तू शर्टाची कॉलर वर करायचास आणि म्हणायचास, "डोस्कं लागतं." मी पत्र्याच्या अलीकडं, हातात रिकामा डबा घेऊन.

मग दिवाळीआधी तू तेरखेड्याला फटाक्याच्या शेडवर कामाला जायला लागलास. कशाला, ते मला माहीत होतं, मशीनमध्ये टाकायला नाणी पाहिजे होती. सहाव्या का सातव्या दिवशी वातीच्या ढिगाऱ्यानं पेट घेतला. तुझ्याशेजारचा माणूस वाचला. तूही वाचलास, पण उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. सोलापूरच्या दवाखान्यातनं तीन आठवड्यांनी तुला घरी आणलं तेव्हा तुझ्या हाताला पांढरी पट्टी होती आणि आई पट्टीकडं न बघता तुला भरवायची. सोळा वर्षांचा होतास तू.

पट्टी सुटायच्या आतच तू शेडमध्ये गेलास. मी भोकाशी होते. तू डावा हात दांड्यावर ठेवलास आणि उजव्या हाताचं कोपर तलवारीच्या बटणावर. पावणा पहिल्याच मजल्यावर मेला. मला वाटलं, आता कुणी मारणार नाही. मग मागनं कुणीतरी हळूच पहिली टपली मारली. मग दुसरी. मग त्यांना चेव आला. मी मोजल्या नाहीत, पण थांबेपर्यंत तुझी मान खाली गेली होती. चाँदभाईंनी मधे पडून पोरांना बाहेर काढलं.

दादा, त्या वेळी मला बरं वाटलं. ते तुला कधी सांगितलं नाही. वाईट वाटलं ते नंतर, घरी गेल्यावर. आधी बरं वाटलं.

त्यानंतरच तू मला आत नेलंस. शुक्रवारी दुपारी चाँदभाई नमाजाला जायचे, तेव्हा शेडला कुलूप लावून किल्ली आपल्या दुकानात तुझ्याकडं ठेवायचे. अण्णा शुक्रवारी तार आणायला बार्शीला जायचे. तू म्हणालास, "चल. तुझे डोळे हायत, आता हात पण तूच लाव." मी दांडा पहिल्यांदा हातात धरला तेव्हा तो गरम होता, तेलकट होता, आणि मला वाटलं त्यापेक्षा जड होता. तू माझ्यामागं उभा राहिलास. पावणा मेला की तू माझी वेणी ओढायचास. मी रडत रडत खेळायची. पण चार शुक्रवारांत मी तुझ्यापुढं गेले.

पाचव्या शुक्रवारी मी शेवटच्या मजल्यावर पोचले. तिथं आजवर कुणीच गेलं नव्हतं. गोल खोली, दोन दारं, मागनं जादूगाराची सावली येत होती. दिवा डावीकडं होता. तू मागनं ओरडलास, "उजवी! सुने, उजवी!" मी डावी हाणली. दार उघडलं. पावणा उजेडात गेला, खाली सगळा मनोरा ढासळला आणि तो हिरवा कोट झटकत टेकडीवरनं चालायला लागला. कुठलंही गाणं नाही, राजकन्या नाही. नुसता चालत गेला. मी इतकं सुंदर काही तोवर बघितलं नव्हतं.

तुला दिवा दिसला होता. तुला नियम माहीत होता. तरी तू उजवी का म्हणालास? मी जिंकू नये म्हणून? हे मी तुला किती वेळा विचारलं.

मग मशीननं नाव विचारलं. तीन अक्षरं. तू म्हणालास, "माझं टाक." मी म्हणाले, "का?" तू म्हणालास, "का म्हणजे? माझं टाक." आणि तुझा हात, तो उरलेला हात, दांड्यावर आला. मी तो झटकला आणि म्हणाले, "डोळे माझे, हात माझे. तुझं काय हाय ह्यात, थोट्या?"

पडद्यावर मी माझं नाव टाकलं. तू कुलूप लावलंस, किल्ली खिशात घातलीस. संध्याकाळी गावातली लाईट गेली आणि मशीनमधलं नाव पुसलं गेलं, हे मला पुढं कळलं. तोवर आपल्या घरात वेगळंच झालं होतं.

अण्णा बार्शीहून आले आणि पाय धुवत होते. तू त्यांच्याजवळ गेलास आणि तीन वाक्यं बोललास. मला ती पाठ आहेत. "सुनी शेडमधी जाती. शुक्रवारी. दार लावून." एकही शब्द खोटा नव्हता. खोटं जे होतं ते अण्णांनी स्वतःच भरून घेतलं.

त्यांनी मला तारेच्या भेंडोळ्यानं मारलं. मी ओरडून सांगत होते, "दादानं नेलं, किल्ली दादाकडं होती, चाँदभाई तिथं न्हवतेच." अण्णा म्हणाले, "ज्या पोराची बोटं गेली, त्याच्यावर आळ घेतीस?" आणि परत मारलं. तू दारात उभा होतास. मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. आणि तू तसाच उभा राहिलास.

दुसऱ्या दिवशी शेडपुढं माणसं जमली. चाँदभाई हात जोडून सांगत होते, "अहो, म्या नमाजाला व्हतो. किल्ली तुमच्याच पोराकडं असती, विचारा की त्याला." कुणी विचारलं नाही. मुसलमान माणसाचं शेड, हिंदू घरची पोरगी, दार लावलेलं, एवढं पुरलं लोकांना. पत्र्यावर दगड पडले. मशीनच्या काचा फुटल्या. महिन्याभरात चाँदभाईंनी सगळं भंगारात दिलं आणि बायकापोरं घेऊन कळंबला गेले. मला शाळेतनं काढलं. सोळा पुरी व्हायच्या आत ईटला लग्न करून दिलं.

माझा नवरा चांगला निघाला, ही तुझी कृपा नव्हे.

आता तुझ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तू म्हणशील सुनी एकीकडचंच बोलते. पोरगा झाल्यावर एका भाऊबीजेला तू ईटला आलास आणि पिशवीतनं सतरा नंबरचा फॉर्म काढलास, बाहेरून दहावीला बसायचा. तो तू स्वतः भरला होतास. तीन बोटांत पेन धरून लिहिलेलं तुझं अक्षर, मुंगी शाईत बुडून चाललेली असावी तसं. अण्णांना माहीत नव्हतं. पुस्तकं आणलीस. परीक्षेला मोटारसायकलवर भूमला नेलंस, सगळ्या पेपरांना. मी आत लिहीत होते तेव्हा तू बाहेर झाडाखाली माझा आठ महिन्यांचा पोरगा मांडीवर घेऊन बसायचास. तीन-तीन तास. बाहेर आले की तो तुझ्या त्या हाताचा अंगठा चोखत झोपलेला असायचा. त्या दहावीवर मी अंगणवाडीत लागले. आज माझ्या घरात माझा शब्द चालतो तो त्या नोकरीमुळं. हे मी विसरले नाही, दादा. तुला शिव्या देतानाही नाही.

पण निकालाचे पेढे हातावर ठेवले तर तू काय म्हणालास? "पास झालीस, चांगलं झालं. पर दार उजवीकडंच व्हतं."

आणि दर भाऊबीजेला तेच. माझ्या पोरांना पुढ्यात घेऊन सांगायचास की अख्ख्या तालुक्यात पावण्याला शेवटपर्यंत नेणारा एकच माणूस, तुमचा मामा. पोरं डोळे मोठे करायची. मी ताटं वाढत म्हणायची, "दादा, खोटं बोलू नको." तू हसायचास. "तू गेलीच न्हाईस गं शेवटपर्यंत. सातव्या मजल्यावर मेली तुझी खेप. इसरलीस तू." तीस वर्षं तू माझी एकुलती एक गोष्ट माझ्यादेखत माझ्या ताटातनं उचलून खाल्लीस. शाळा गेली, त्याबद्दल चकार शब्द नाही. चाँदभाईंबद्दल नाही. भांडायचं ते दाराबद्दल. मीही मूर्ख, दाराबद्दलच भांडत राहिले.

मग गुटख्यानं तुझं तोंड खाल्लं. ऑपरेशनमध्ये जीभ गेली. इतकी वर्षं माझी गोष्ट ज्या जिभेनं स्वतःची म्हणून सांगितलीस, तीच गेली, असं माझ्या मनात आलं. असली बहीण तुला होती.

माझ्या पोरानं तो गेम कुठून तरी शोधून त्याच्या टॅबमध्ये टाकला. मी तो टॅब घेऊन सकाळच्या गाडीनं येरमाळ्याला आले. नंदावहिनीला वाटलं मी तुला विरंगुळा म्हणून आणलाय. मी तुला हरवायला आले होते. तुझ्या बायकोसमोर, तुझ्या पोरासमोर.

तू उशीला टेकून बसलास. डाव्या अंगठ्यानं खेळायला लागलास. मी बाजूला बसून सांगायला लागले. "थांब. डावी. तलवार. उजवी." आणि दादा, तू ऐकत होतास. ओट्यावर ऐकायचास तसाच, मान थोडी कलती करून. पावणा मेला की तू खांदे उडवायचास, अगदी त्या सांगाड्यासारखे, आणि तुझा पोरगा हसायचा. किती तरी महिन्यांनी त्या घरात कुणी हसत होतं. दुपार अशीच गेली. मधे वहिनीनं नळीतनं तुला दूध दिलं. मला एकदा वाटलं, इथंच थांबावं, काही सिद्ध करू नये.

शेवटचा मजला आला. गोल खोली. दिवा डावीकडं. मी गप्प बसले. तू माझ्याकडं बघितलंस. तू उजवी दाबलीस. जादूगारानं पावण्याचा धूर करून टाकला.

मी म्हणाले, "बघितलंस?"

तू परत सुरू केलंस. पहिल्या मजल्यापासून. पाऊण तास लागला. मी परत सगळं सांगितलं, शेवटपर्यंत नेलं. दिवा डावीकडंच होता. या खेपेला तू पडद्याकडं बघितलंच नाहीस. माझ्या डोळ्यांत बघत राहिलास आणि मुद्दाम, सावकाश, उजवी दाबलीस.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "मरताना तरी कबूल कर की रं! मी गेले होते. मी जिंकले होते. तू मला नेलं होतंस आणि तूच अण्णांना सांगितलंस. बोल!" वहिनी म्हणाली, "वन्सं, काय हे, त्यांना बोलता येतं का?" तू खुणेनं पाटी मागितलीस. बोलायला तुला ती पोराची जुनी पाटी दिली होती. तू तिच्यावर एकच शब्द लिहिलास आणि माझ्यापुढं धरलास.

थोट्या.

वहिनीनं वाचायच्या आत तो तळव्यानं पुसलास.

मी म्हणाले, "व्हय. म्हणाले होते. खोटं होतं का?" टॅब पिशवीत घातला आणि चारच्या गाडीनं ईटला आले. जाताना मागं बघितलं नाही. पाचव्या दिवशी तू गेलास.

तेराव्याला मला बोलायचं नव्हतं. पण तुझा शेडमधला एक जुना दोस्त उठला, आणि पावण्याची गोष्ट सांगायला लागला. भारतानं एकट्यानं शेवटचा मजला कसा गाठला, वगैरे. तेवढं मी गिळलं असतं, तीस वर्षं गिळलंच होतं. पण शेवटी तो हसून म्हणाला, "पुढं त्या चाँदच्या शेडमधी काय काय परकार झाले ते सोडा, मेलेल्या माणसाच्या पुढं नको." चार जण हसले. मग मी उठले. सगळं सांगितलं. किल्ली कुणाकडं होती, शुक्रवारी आत कोण नेत होतं, चाँदभाई कुठं होते, अण्णांना कोण काय म्हणालं. त्या प्रकारातली पोरगी मीच, हेही सांगितलं. आवाज चढला नाही माझा. खाली बसले तेव्हा मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू.

काल मी कळंबला गेले. चाँदभाई आता मोटारसायकलींची सीटं शिवतात. दाढी पांढरी झालीय, कानानं कमी ऐकू येतं. मी नाव सांगितलं तर उभे राहिले. मी त्यांना म्हणाले, "तुमच्यावरचा आळ मी काढला, चाँदभाई. सगळ्यांसमोर सांगितलं दादानं काय केलं ते."

ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं हाय, बेटा. भारत आलता हितं. तुझी धावी झाली त्या साली. पायरीवर बसून समदं सांगितलं त्यानं."

मी विचारलं, "मग तुम्ही माफ केलं त्याला?"

"न्हाय. चहा पाजला, माफी न्हाय दिली. म्हणलं, आधी जाऊन बहिणीला सांग. मग ये माझ्याकडं."

"मग?"

"मान हालवली त्यानं. म्हणला, तिला सांगितलं तर ती परत जिंकल."

मी हसले, दादा. त्या दुकानात, रेक्झिनच्या वासात, तोंडाला पदर लावून हसले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. चाँदभाईंनी मला रडू दिलं. एका गिऱ्हाईकाला नंतर ये म्हणून सांगितलं. मग पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाले, "एक इचारू? भारत म्हणला व्हता, त्या दिवशी तू त्याला कायतरी बोलली. लई लागलं म्हणं त्याला. काय बोलली ते मी लई इचारलं, पर त्यानं न्हायच सांगितलं. काय बोलली व्हतीस गं?"

तेराव्याला सगळं खरं बोलले म्हणून मी चार दिवस ताठ मानेनं फिरत होते. त्या सगळ्यातनं तेवढा एक शब्द मी गाळला होता.

चाँदभाई कानाला हात लावून माझ्या तोंडाकडं बघत होते. मी तांब्या उचलला, पाणी प्याले आणि म्हणाले, "काही नाही, चाँदभाई. पोरांचं भांडण होतं."